कोंडाईबारीच्या पायथ्याशी बर्फाचे टायर

बर्फावर चालणाऱ्या टायरवरून विसरवाडीत दोन माणसांचा वाद झाला याचं मला नवल वाटत नाही. सुरत-धुळे महामार्ग, म्हणजे जुना सहा नंबर आणि आताचा ५३, या गावातून जातो. पश्चिमेला नवापूर ओलांडलं की गुजरात, पूर्वेला धुळ्याकडे निघालं की कोंडाईबारीचा घाट. घाट उतरून आलेला भरलेला ट्रक इथे थांबला की त्याच्या चाकाजवळ हात नेववत नाही. अशा रस्त्याच्या कडेला ज्याने टायर खोलण्या-बसवण्यात उमर घालवली, त्याला रबराचं जेवढं कळतं तेवढं पुस्तकात सापडणं कठीण.

हे टायरवाले म्हणजे या लेखातले मामा. त्यांचा भाचा स्टुटगार्टला एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. आज तिथल्या मोटारधंद्यात मराठी मुलं पुष्कळ दिसतात, खानदेशातलीही. दिवाळीला आई माहेरी आली, तिच्याबरोबर हाही आला. तिकडे त्याने जुनी पोर्शे ७१८ बॉक्स्टर घेतली आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंजिन सीटच्या मागे, जोर मागच्या चाकांना. गाडी उन्हाळी टायरवर उभी होती आणि परत जाण्याआधी त्याला हिवाळी टायरची ऑर्डर द्यायची होती. दोघांच्या बोलण्याचा क्रम मी थोडा लावून घेतला आहे, मतं मात्र ज्याची त्याचीच ठेवली आहेत.

मामा : आधी मला हे सांग, बर्फ पडल्यावर ती गाडी बाहेर काढायचीच कशाला? जमिनीपासून वीतभर उंच नाही. झाक, ठेव, होळी झाल्यावर काढ.

भाचा : मामा, माझ्याकडे तेवढी एकच गाडी आहे. आणि बर्फ रोज कुठे पडतो? स्टुटगार्ट खोलगट जागी वसलंय, चारी बाजूंनी टेकड्या, घर वर आणि ऑफिस खाली. नोव्हेंबरपासून सकाळी तीन-चार अंश असतात. रस्ता ओला, पानं पडलेली. अशा सकाळी उन्हाळी टायर दगडासारखा वागतो. हिवाळी टायर बर्फासाठी असतो तसा थंडीसाठीही असतो.

मामा : थंडी आपल्याकडेही पडते. अक्कलकुव्याला डाबकडे पौषात दव गोठतं. तिथल्या जीपा कुठे टायर बदलतात?

भाचा : तिथे सूर्य वर आला की दव गेलं. आमच्याकडे सूर्य दोन-दोन आठवडे दिसत नाही. आणि जीपचा टायर नि स्पोर्ट्स कारचा टायर यांचं रबर एक नाही. माझ्या उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्याला चिकटण्यासाठी बनवलंय. सात अंशांच्या खाली ते कडक होत जातं. शर्यतीच्या मैदानावरचे म्हणून जे टायर विकतात, त्यांच्याबद्दल तर कंपन्याच बजावतात की गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली ते हलवू नका, रबराला तडे जातील.

मामा : सातच का? सहा का नाही, नऊ का नाही? सातला असं काय होतं?

हा प्रश्न मला फार आवडला. हिवाळी टायरबद्दल बोलणारा प्रत्येक माणूस सात अंशांचा आकडा सांगतो आणि बहुतेकांना तो निसर्गनियम वाटतो. भाच्याने तो तसा रेटला नाही, हे त्याच्या शिक्षणाला शोभलं.

भाचा : सातला काहीच होत नाही. टायरवाल्या कंपन्यांनी लोकांच्या लक्षात राहावा म्हणून धरलेला तो अंदाज आहे. कोरड्या रस्त्यावर पाच अंशांनाही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा लवकर थांबू शकतो, चाचण्यांत तसं दिसलंय. पण रस्ता ओला झाला आणि पारा उतरत गेला की पारडं फिरतं. बर्फ आला की तुलनाच संपते. ताशी ५० वरून ब्रेक मारला तर बर्फावर उन्हाळी टायरला दुपटीच्या आसपास अंतर लागतं.

मामा : हां, हे पटलं. तूप वैशाखात पातळ आणि पौषात घट्ट, पण अमक्या घटकेला थिजलं असं कुणाला दाखवता येत नाही. रबराचंही तसंच असणार. मी आयुष्यभर दुसरं टोक पाहिलंय. मे महिन्यात रस्ता तापतो, ट्रकमध्ये माल जास्त, हवा कमी, घाटात ब्रेक तापलेले. रबर इतकं मऊ पडतं की रिमोल्ड केलेली पट्टी सालपटासारखी सुटते. माझा शत्रू उष्णता, तुझा शत्रू थंडी.

भाचा : आणि म्हणूनच एकाच रबराकडून दोन्ही मागता येत नाही. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त घालतात, सिलिका घालतात, म्हणजे थंडीत ते लवचिक राहतं. तोच टायर जूनमध्ये चालवला तर ग्रीपचे ठोकळे डुलतात, ब्रेकला अंतर वाढतं आणि टायर भराभर झिजतो. तुमच्या रस्त्यावर तर तो एक उन्हाळाही टिकणार नाही.

मामांनी मग मोबाइलवर हिवाळी टायरचा फोटो मोठा करून पाहिला. त्यांचं बोट ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांवर थांबलं. आपल्या टायरमध्ये रुंद खोबणी असते, ती पाणी बाहेर काढते. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर याशिवाय ब्लेडने कापल्यासारख्या नागमोडी चिरा असतात. टायर रस्त्यावर टेकला की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला चावतात. खोबणीत बर्फ गच्च भरतो आणि तो भरलेला राहावा अशीच रचना असते, कारण बर्फ रबरापेक्षा बर्फालाच जास्त धरतो. चिखल खोबणीतून फेकला गेला पाहिजे हे ज्याच्या हाडीमाशी भिनलंय त्या मामांना ही गोष्ट पचायला वेळ लागला. ट्रॅक्टरचा टायर चिखल टाकतो, हिवाळी टायर बर्फ साठवतो. दोन्ही बरोबर, कारण चिखलाला चिखल असा धरत नाही.

त्यांना आणखी एका गोष्टीचा आनंद झाला. हिवाळी टायर पहिल्यांदा बनला फिनलंडमध्ये, १९३४ साली, आणि तो ट्रकसाठी होता. मोटारींसाठीचा हाक्कापेलीट्टा १९३६ मध्ये आला. जे आज ऐटबाज गाड्यांच्या दुकानात विकलं जातं त्याचा जन्म माल वाहणाऱ्या माणसाच्या अडचणीतून झाला. आज आपल्याही कंपन्या त्या बाजारात आहेत. अपोलोने २००९ मध्ये हॉलंडची व्रेडेस्टाइन विकत घेतली, तिचे हिवाळी टायर तिकडे नावाजलेले आहेत. सिएट मूळची इटलीतल्या तोरिनोची, आता आपली, नाशिकला कारखाना असलेली; तीही युरोपात हिवाळी टायर विकते.

कायद्यावर मात्र दोघांचं अजिबात जमलं नाही.

भाचा : जर्मनीत तारखेची सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ, गोठलेलं पाणी किंवा दहिवर असेल तर हिवाळी टायर हवा, नसेल तर नको. २०१० मध्ये हे स्पष्ट केलं. उन्हाळी टायरवर सापडलात तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवं. पूर्वी नुसतं एम आणि एस लिहिलेलं चालायचं, ती मुभा सप्टेंबर २०२४ अखेर संपली. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशेब धरतात, पण तो सोयीचा हिशेब आहे.

मामा : चुकीचा कायदा. सकाळी कोरडं, संध्याकाळी बर्फ. माणूस सकाळी काय टायर बदलून निघणार? तारीख ठरवून द्यावी.

भाचा : ऑस्ट्रियात तारीख आहे. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. तरी तिथेही रस्ता तसा असेल तरच. आणि हिवाळी टायरची ग्रीप ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तिथे तो हिवाळी टायर मानत नाहीत. जर्मनीत कायद्याने १.६ चालते, पण जाणकार ४ च सांगतात. मला जर्मन पद्धत बरी वाटते. रस्ता बघून ठरवायची जबाबदारी चालवणाऱ्यावर टाकते.

मामा : चालवणाऱ्यावर टाकली की काय होतं ते मी इथे बसून बघतो! आपल्याकडेही मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटरचा नियम आहे. खोबणीच्या तळाशी बारीक उंचवटे दिलेले असतात, ग्रीप त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. किती लोक वाकून बघतात? गोटा झालेला टायर घेऊन येतात आणि म्हणतात, मामा, अजून एक पावसाळा काढेल ना? अरे, पावसाळाच तर काढायचा नसतो त्याच्यावर. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर गोटा टायरही धरतो, म्हणून माणसाला धीर येतो. पहिला पाऊस पडतो, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, आणि कोंडाईबारीच्या वळणावर त्याला कळतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे. नवापूर तालुक्यात जिल्ह्याच्या मैदानी भागापेक्षा पाऊस जास्त पडतो, आणि हा रस्ता देशातल्या मोठ्या मालवाहू मार्गांपैकी एक. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं तेव्हा या घाटाने काय काय पाहिलं ते इथल्या लोकांना विचारा. २०२० च्या ऑक्टोबरात मलकापूरहून सुरतेला निघालेली खाजगी बस याच घाटात कोसळली, माणसं दगावली. त्याला टायर कारणीभूत होता असं मी म्हणत नाही. पण अशा घाटाखाली राहणाऱ्या माणसाला टायर हा गाडीच्या शोभेचा भाग वाटणं शक्य नाही. नव्या टायरची खोबणी सात-आठ मिलिमीटर खोल असते, ती टायरखालचं पाणी बाजूला सारते. ती दीड मिलिमीटरवर आली की वेगात पाण्याला जायला जागा उरत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. त्या क्षणी चालक काहीही करू शकत नाही. जर्मनीत ऑक्टोबरात घराघरांत टायरचा विषय निघतो तसा आपल्याकडे मेच्या अखेरीस निघायला हवा, आणि तो निघत नाही याचं मला मनापासून दुःख आहे. या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. नुसत्या समजुतीवर सोडलं की समजूत खर्चाच्या पुढे हरते.

भाच्याला हे ऐकवल्यावर तो म्हणाला, समजूत आपोआप येत नाही, दंडाने येते आणि मग सवय होते. म्हणजे तोही थोडा सरकलाच.

पुढचा मुद्दा पैशांचा.

मामा : दोन सेट ठेवण्यापेक्षा बारमाही टायर घे ना. तो डोंगराचा छाप त्याच्यावरही असतो म्हणतोस, मग कायद्याचंही भागलं.

भाचा : भागतं. शहरात फिरणारी छोटी गाडी असती तर मीही तेच घेतले असते. आता ते खरंच चांगले येतात. पण या गाडीच्या मापात निवड कमी, आणि मिळाले तरी उन्हाळ्यात उन्हाळी टायरइतके धरणार नाहीत, कडक थंडीत हिवाळीइतके धरणार नाहीत. ज्या गाडीची सगळी मजा वळणावर आहे, तिला मधलं काहीतरी का घालू? शिवाय दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च नव्हे. एक झिजतो तेव्हा दुसरा पडून असतो.

मामा : वर्षाला किती चालवतोस?

भाचा : दहा हजार किलोमीटर धरा.

मामा : म्हणजे एकेका सेटला पाच हजार. टायर झिजायला आठ वर्षं लागतील. आठ वर्षांत रबर म्हातारं होईल रे! ग्रीप दिसायला पुरी आणि रबर वाळलेलं. असे टायर माझ्याकडे रोज येतात, हौशी लोकांच्या घरात उभ्या असलेल्या गाड्यांचे. जे झिजून जात नाही ते सुकून जातं.

भाचा हसला नाही, गप्प झाला. हे गणित त्याने केलं नव्हतं. कमी चालणाऱ्या गाडीचे दोन्ही सेट झिजण्याआधीच वयाने बाद होतात, आणि हिवाळी टायरला वय लवकर लागतं, कारण लवचिकपणा हाच त्याचा जीव. साइडवॉलवर डॉट या अक्षरांपुढच्या रांगेत शेवटचे चार अंक असतात. ३६२४ म्हणजे २०२४ चा छत्तिसावा आठवडा. मामांनी सांगितलं की टायर हातात आल्यावर ब्रँडच्या आधी हे अंक वाचायचे, आणि चारही टायरचे वाचायचे. दुकानदार तीन ताजे आणि एक जुना देऊ शकतो. ठेवायचे तेही नीट ठेवायचे. डिस्कसकट, म्हणजे रिमसकट, असतील तर आडवे रचून किंवा टांगून, सुटे असतील तर उभे आणि अधूनमधून फिरवून. ऊन नको, तेल नको. तिकडे दुकानदार मोसमभर टायर सांभाळून ठेवतात, त्याचे पैसे घेतात. ही सोय मामांना इतकी आवडली की त्यांनी भाड्याचा दरही विचारून घेतला.

मग त्यांनी काटकसरीचा शेवटचा बाण सोडला.

मामा : जोर मागच्या चाकांना आहे ना? मग मागचेच दोन बदल.

भाचा : नाही मामा, हे कधीच नाही. मागचे दोन धरतील, गाडी पुढे ढकलतील, आणि पुढचे दोन वळायलाही नाकारतील आणि थांबायलाही. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो. उलट केलं, पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी, तर मागचं अंग बाहेर फेकलं जाईल. माझ्या गाडीत इंजिन मागे, वजन मागे. ती एकदा गोल फिरू लागली की सावरणं अवघड. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. त्यात तडजोड नाही.

मामा : खरं आहे. घाटात ट्रकचं मागचं वजन पुढच्याला ढकलतं तेव्हा असंच होतं. मी पैशाकडे बघून बोललो.

आता आला मापाचा विषय, आणि इथे दोघंही तापले. गाडीवर सध्या १९ इंची डिस्क आहेत. भाच्याला हिवाळ्यालाही १९ च हव्या होत्या. बॉक्स्टरच्या कमानीत मोठी डिस्क भरून दिसते, लहान घातली की गाडी पोरकी दिसते, असं त्याचं म्हणणं. मामांना हा हट्ट मंजूर नव्हता.

मामा : बर्फाखाली खड्डा दिसतो का? फूटपाथची कड दिसते का? नाही. मग टायरला उंची पाहिजे, रबर पाहिजे. तुझा टायर म्हणजे डिस्कवर चढवलेली पट्टी आहे. एका दणक्यात डिस्क वाकेल. आणि बारीक टायर घे. रुंद टायर बर्फाच्या चिखलावर तरंगेल, बारीक खाली बसून रस्ता धरेल. जुन्या जीपा बघ.

भाचा : बारीक घेता येत नाही. गाडीच्या कागदांत जी मापं मान्य आहेत तीच घालायची, नाहीतर तपासणीत गाडी नापास होते. १८ इंच मान्य आहे, पण पुढे २३५ आणि मागे २६५, रुंदी तीच राहते.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब झाला. टायरवर २३५/४० आर १९ लिहिलेलं असतं तेव्हा २३५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४० टक्के म्हणजे ९४ मिलिमीटर साइडवॉलची उंची, आणि १९ इंचांची डिस्क. २३५/४५ आर १८ घेतला तर उंची जवळजवळ १०६ मिलिमीटर होते. मागच्या चाकाला २६५/४० आर १९ ऐवजी २६५/४५ आर १८ घातला तर १०६ ची ११९. चाकाचा बाहेरचा व्यास मात्र दोन्ही बाबतींत एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने तोच राहतो, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. डिस्क इंचाने लहान झाली, रबर बारा-तेरा मिलिमीटरने वाढलं. बारा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. खड्ड्याच्या कडेवर आदळताना डिस्क वाकणं आणि वाचणं यातलं अंतर तेवढंच असतं. वर १८ इंची टायर स्वस्त. एकच बघायचं, डिस्कच्या आत ब्रेकचा कॅलिपर मोकळा बसला पाहिजे. मोठ्या ब्रेकच्या मॉडेलला लहान डिस्क चढत नाही. भाच्याची गाडी साध्या ब्रेकची, तिला १८ चढते.

भाच्याने १८ मान्य केलं. दिसण्याबद्दलची त्याची नाराजी मात्र खरी होती आणि मी ती हलकी मानत नाही. हौसेने घेतलेल्या गाडीकडे माणूस रोज सकाळी बघतो.

एक गोष्ट मामांनी चटकन उचलली. पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरच्या साइडवॉलवर एन आणि पुढे एक अंक असतो. दुकानात महाग टायर विकायची ही युक्ती असेल असं मला वाटत होतं. मामा म्हणाले, ट्रकला पुढे वेगळा आणि मागे वेगळा टायर आम्ही उगाच घालत नाही. वजन जिथे जास्त तिथे टायर वेगळा लागतो, आणि या गाडीत ते मागे आहे, तर कंपनीने आपला टायर पारखून घेतला यात वावगं काय? त्यांचं म्हणणं मला पटलं.

बसवण्याच्या कामात बोलणं एकतर्फी झालं. भाच्याने फोनमध्ये लिहून घ्यायला सुरुवात केली.

मामा : डिस्क काढली की मागचं हब तारेच्या ब्रशने घास. गंज राहिला तर डिस्क सरळ बसत नाही आणि बोल्ट मागाहून ढिले होतात. नव्या डिस्कचे बोल्ट जुन्यांसारखेच आहेत का बघ. काहींची बैठक गोल असते, काहींची तिरकी. चुकीचा बोल्ट आवळला जातो, पण धरत नाही. पहिले चार-पाच फेरे हाताने फिरव. मग समोरासमोरचे, एकाआड एक. हवेच्या गनने शेवटचं आवळू देऊ नको. टॉर्कचा पाना पाहिजे, कंपनीने सांगितलाय तेवढाच टॉर्क. गाडी खाली उतरवून पुन्हा बघ.

भाचा : टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो.

मामा : बाण चारही चाकांवर तपास, आणि काढलेल्या उन्हाळी टायरवर खडूने लिही, पुढचा डावा, मागचा उजवा. बॅलन्सिंग चारहींचं. हवा थंड टायरमध्ये भर. दुकानाच्या उबेत भरशील आणि बाहेर शून्यावर जाशील तर कमी पडेल. दर दहा अंशांना दीड पौंड उतरते.

भाचा : आत हवा मोजणारे सेन्सर आहेत. २०१४ पासून युरोपात सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचे आहेत. हिवाळी डिस्कमध्येही बसवावे लागतील.

मामा : बसव. पण सेन्सर हवा कमी झाल्यावर सांगतो, तू आधी बघायचं. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून. नव्या टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो.

भाचा : गाडीत सगळं आहे, मामा. चाक घसरलं की कॉम्प्युटर एकेका चाकाचा ब्रेक लावतो.

मामा : ब्रेक चाक थांबवतो. गाडी टायर थांबवतो.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कितीही हुशार असली तरी तिला रस्त्याशी बोलायला रबराचे चार तुकडेच मिळतात, एकेक साधारण तळहाताएवढा.

गोठलेल्या रस्त्यावर दोघांचं एकमत निघालं. पाऊस पडता पडता गोठतो तेव्हा रस्त्यावर न दिसणारी काच तयार होते. तिच्यावर खिळ्यांचा टायरच काय तो चालतो. फिनलंड, स्वीडन, नॉर्वेत ते चालतात. जर्मनीत १९७५ पासून बंद आहेत, कारण खिळे डांबर खातात. साखळीचा पर्याय आहे, पण बुटक्या गाडीच्या कमानीत साखळीला जागा कमी, म्हणून पातळ कड्यांची आणि कंपनीने मान्य केलेलीच घालावी लागते, आणि तीही ताशी ५० च्या आत. मनालीला अटल बोगद्याकडे जाणारे आपले पर्यटकही थंडीत साखळीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतात. मामांनी या पर्यटकांची एक सवय सांगितली आणि ती सोडायला हवी असं म्हणाले. बर्फ आला की टायरची हवा सोडायची. वाळूत हे चालतं. बर्फाच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर खोबण्या मिटवतो आणि वळणावर लोळतो. भाच्याने कबूल केलं की रस्ता काच झालेल्या दिवशी तो ट्रेनने जाईल. मामांचं पहिलं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं.

शेवटचा वाद वेगाच्या अक्षराचा. टायरवर माप संपल्यावर एक अक्षर असतं. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. बॉक्स्टर २७५ पर्यंत जाते. हिवाळी टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी अक्षर चालतं. मात्र चालकाला दिसेल अशा जागी त्या वेगाची चिठ्ठी चिकटवावी लागते.

भाचा : मला डब्ल्यू हवेत.

मामा : बर्फाच्या टायरवर २७० ने कुठे जायचंय?

भाचा : जायचं नाही. डब्ल्यूची बांधणी ताठ असते. ठोकळे कमी डुलतात, स्टिअरिंग नेमकं लागतं. हिवाळ्यात बहुतेक दिवस रस्ता कोरडा किंवा ओलाच असतो, बर्फाचे दिवस थोडे. त्या बहुतेक दिवसांचा विचार नको का?

मामा : ताठ म्हणजे कमी लवचिक. मग सकाळपासून लवचिक रबराचं पुराण मला का सांगितलंस? टायर बहुतेक दिवसांसाठी घ्यायचा नसतो. ज्या दिवशी रस्ता सोडून देतो त्या दिवसासाठी घ्यायचा असतो.

भाचा : त्या दिवशी मी ट्रेनने जाणार म्हणालो ना.

मामा : सकाळी कळतं का, संध्याकाळी काय होणार ते?

मला दोघांचंही बरोबर वाटलं, पण कौल द्यायचाच तर मी मामांना देईन. व्हीच्या टायरवर कोरड्या रस्त्यावर थोडी मजा कमी होईल, ते सोसता येतं. भाच्याला ते पटलं नाही. त्याने तिथेच बसून दुकानदाराला फोन लावला. त्या मापात डब्ल्यू डिसेंबरच्या मध्यावर येणार होते, व्ही चार दिवसांत मिळत होते. त्याने व्ही मागवले. डॉटचे अंक फोनवरच वाचून घेतले, चारही टायरचे. उन्हाळ्यापर्यंत याच विषयावर पुन्हा बोलू, असं तो मामांना म्हणाला.

मामा म्हणाले, बोलू. पण आधी पन्नास किलोमीटर झाले की थांबून बोल्ट पुन्हा टॉर्कवर बघ आणि मला फोन कर.